गुऱ्हाळघरातलं पिकलबॉल

कसबा बावडा, कोल्हापूर
१५ जून २०२५

चि. मोना हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

राधानगरीत पाऊस लागला की तुझ्या फोनला रेंज नसते. असली तरी तू बोलत असताना मागं म्हशी ओरडत असतात, म्हणून हे पत्र. दूधसंघाच्या टेम्पोवरचा ज्ञानू रोज पप्पांच्या खताच्या दुकानावरून जातो, त्याच्या हाती देतेय. सोबत एक खोकं आहे. पत्र पुरतं वाचल्याशिवाय ते उघडू नकोस. तू उघडलं असशीलच.

मुद्द्याचं सांगते. मी टेनिस सोडलं. दुखापतीची सुट्टी नाही, सोडलंच. मे महिन्यात पात्रता फेरीत सतरा वर्षांच्या एका पोरीनं मला हरवलं. त्याचं काही वाटलं नाही; हरण्या-जिंकण्यावरच इतकी वर्षं पोट भरलंय. पण सामना संपल्यावर ती जाळी ओलांडून आली आणि वाकून पाया पडली. म्हणाली की लहान असताना तिच्या आईनं तिला माझा खेळ दाखवायला आणलं होतं. मी तिला आशीर्वाद दिला आणि खोलीवर जाऊन आरशात बघत बसले. त्यात खांदा. डॉक्टर म्हणतात की डोक्यावरून सर्व्हिस मारणं थांबवा. टेनिसवालीला हे सांगणं म्हणजे गवंड्याला थापी धरू नका म्हणण्यासारखं झालं.

आता खोक्याचं. त्यात पिकलबॉलची फळी आणि चेंडू आहेत. पुण्यात मैत्रिणीनं गंमत म्हणून खेळायला नेलं आणि मी अडकले. बॅडमिंटनएवढं कोर्ट, टेनिससारखी पण जरा बुटकी जाळी, तारा नसलेली फळी, भोकं पाडलेला हलका प्लास्टिकचा चेंडू. सर्व्हिस कमरेखालून, त्यामुळे खांदा खूश. जाळीलगत दोन्हीकडं सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात. तिथं शिरून चेंडू हवेतल्या हवेत मारला की फाऊल. टप्पा पडू द्यावा लागतो. आता याच्या मोठ्या स्पर्धा होतात, लीग होतात, माणसं यावर जगतात. मला तेच करायचंय.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले की एवढी वर्षं पहाटे उठून तुझ्यासाठी कोर्टावर पाणी मारलं ते काय शेवटी लोणचं घालायला? दुकानात कुणी विचारलं तर सध्या वर्षा विश्रांती घेतेय असं सांगतात.

सप्टेंबरात कोल्हापुरात राज्य स्पर्धा आहे. महिला दुहेरीला मला जोडीदार हवी. मूळची बेळगावची, पण आता कोल्हापुरातच असणारी शिवलीला तयार आहे, चांगली खेळते. पण मी तिला थांबवून ठेवलंय. मावसबहीण म्हणून नाही, जोडीदार म्हणून विचारते. शाळेपासून तुझं लग्न होईपर्यंत आपण जोडीनं खेळलो. नंतर मी पुष्कळ जणींबरोबर खेळले, पण प्रत्येकीला ओरडून सांगावं लागायचं की हा चेंडू तुझा, हा माझा. तुला कधी सांगावं लागलं नाही. येतेस का?

ईश्वरीला पापा. सासूबाईंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ फळी बघून कमी होऊ नये.

तुझी,
वर्षाताई

*

राधानगरी
२३ जून २०२५

ती. वर्षाताईस,
सा. न. वि. वि.

खोकं आधी उघडलं, हे खरं आहे. मी उघडायच्या आत सासूबाईंनी फळी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि भाकरी उलटायला जाड हाय म्हणाल्या. मग तुझं पत्र वाचलं. टेनिस सोडल्याचं वाचून मला चुलीसमोरच रडू आलं, आणि पाया पडणाऱ्या पोरीचं वाचून हसूही आलं. तू म्हातारी झालीस, ताई. आता तरी लग्नाचं बघ, असं आई सांगते. मी फक्त निरोप पोचवतेय.

मला जमणार नाही. राग मानू नकोस. रॅकेट सोडून नऊ वर्षं झाली. तेव्हाची पँट आता ईश्वरीच्या बाहुल्यांना अंथरायला गेली. पहाटे धारा, मग डबे, मग डेअरी, मग शेण. रोपलावणी तोंडावर आली आहे, गुडघाभर चिखलात उभी असते मी. ह्यांना विचारलं तर म्हणाले की माझी काही हरकत नाही. पण पृथ्वीराज साहेबांची कशालाच हरकत नसते, आईच्या तोंडाकडं बघून झाल्यावर मग ते बोलतात. आणि सासूबाईंना मी विचारलंच नाही. त्या चांगल्या आहेत, त्यांनी नाही म्हटलेलं मला ऐकायचं नाही.

तू शिवलीलाबरोबर खेळ. मी बघायला येईन, डबा घेऊन.

फळी परत पाठवते, पण पुढच्या खेपेला. ज्ञानूच्या टेम्पोत आज जागा नव्हती.

काकांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
मोना

*

राधानगरी
२७ जून

चि. वर्षाराणीस,
अंबूबाईचा अनेक आशीर्वाद.

मी सातवी शिकलोय, तवा अक्षर लागंल. मोनाला ठावं न्हाय मी लिवतोय ते. तुझं पत्र तिनं पिठाच्या डब्यामागं ठेवलंतं, ते मी वाचलं. सासूला पिठाच्या डब्यामागचं दिसतंय, एवढं पोरीला कळाय पायजे.

ज्ञानूच्या टेम्पोत जागा हाय. रिकामी क्यान घिऊनच येतोय त्यो. फळी धाडायचीच न्हाय तिला, म्हणून जागा न्हवती.

परवा दुपारी आमच्या गुऱ्हाळघरातनं टक टक आवाज याय लागला. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतंय, तवा मला वाटलं, पत्रा सुटला काय. बघाय गेलतो. तर ही वढणी कमरंला बांधून भित्तीवर चेंडू मारतीया आणि आपल्याआपण हसतीया. मी तशीच मागं फिरलो. ह्या घरात ती लई येळा हसली हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर असं न्हाय. मला वाईट वाटलं बघ. आमी तिला कदी खेळू नगो म्हटलं न्हवतं. पर खेळ असंबी कदी म्हटलं न्हाय.

तवा आता मी म्हणतोय. तिला उद्या सांगणार हाय. त्या खेळात किचनमधी शिरलं की फाऊल देत्यात म्हणं. असला शाना खेळ आमच्या वक्ताला न्हवता. सकाळचा सैपाक मी बघीन. म्हशी मातूर तिलाच बघाय लागत्याल, त्या माझ्या हाताला दूध देत न्हाईत.

गुऱ्हाळघर दसऱ्यापतोर मोकळं हाय. वर पत्रा हाय, खाली कोबा हाय, पाऊस लागत न्हाय. तू दर रविवारी ये. जेवाण हितंच. आणि स्पर्धंला मीबी येणार, हे आत्ताच सांगून ठेवतोय.

बापाला म्हणावं, लोणचं घालाय अक्कल लागती.

माया हायच, ती कागदावर काय लिवायची.

अंबूबाई

*

कसबा बावडा
२१ जुलै २०२५

चि. मोना हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

कालच्या चिडचिडीबद्दल लिहिते. तोंडानं बोलले असते तर परत चिडले असते.

तुमचं गुऱ्हाळघर मला फार आवडलं. खडूच्या रेघा, मासे धरायच्या जाळ्याची आपली जाळी, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली रस आटवायची ती मोठी काहील, आणि तिच्या चुलवाणात गेलेला चेंडू काढताना काळे झालेले आपले हात. अंबूकाकू पाटावर बसून पंच होतात तेव्हा त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती होत नाही. काल माझा पाय रेषेवर पडला नव्हता, तरी त्यांनी फाऊल दिला. मी मान्य केलं.

चिडले ते माझ्यावर. मला वाटलं होतं, मी तुला हा खेळ शिकवीन. पण चेंडू दिसला की माझा हात मागं जातो आणि पूर्ण जोरानं येतो. टेनिसात त्यावर लोक टाळ्या वाजवायचे, इथं चेंडू रेषेबाहेर जातो. इथं जाळीपाशी उभं राहून तो असा अलगद पलीकडं सोडायचा असतो की समोरच्याला मारताच येऊ नये. मला ते कळतं, पण हातापर्यंत पोचत नाही. आणि तू टेनिस विसरूनच गेली आहेस. कोऱ्या हातानं आलीस, चेंडू नुसता ठेवतेस आणि वर माझ्याकडं बघून विचारतेस की बरोबर पडला का.

बरोबर पडला, मोने. म्हणूनच चिडले.

शिवलीलाला नाही म्हणून कळवलं. तिला वाईट वाटलं, पण मनमोकळी आहे, पुढं कधीतरी खेळू म्हणाली. पप्पांनी आज विचारलं की मी दर रविवारी कुठं जाते. मी सांगितलं, लोणचं घालायला. ते हसले नाहीत, पण मिश्या हलल्या.

रविवारी येते. काकूंना नमस्कार आणि त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांग. पंचांवरही लोभ आहे, असं कळव.

तुझी,
वर्षाताई

*

राधानगरी
१९ ऑगस्ट २०२५

ती. वर्षाताईस,
सा. न. वि. वि.

सासूबाई म्हणतात की चष्मा ठीक आहे, तुझा पाय मोठा आहे.

रविवारी तुझ्या पाठीमागं काय झालं ते सांगते. तुझे पप्पा तुला सोडायला म्हणून आले आणि बाहेर गाडीतच बसले होते ना? तू आत खेळत असताना सासूबाईंनी त्यांना चहा नेऊन दिला आणि गाडीत बसून पोरीची वाट बघायची म्हणजे पावणं लग्नाला आलाय काय, असं तोंडावर विचारलं. मग ते आत येऊन खांबाशी उभे राहिले. तुझी पाठ होती, तुला दिसलं नाही. जाताना मला हळूच म्हणाले की वर्षाला म्हणावं, गुडघे वाक. मी तिथंच सांगितलं नाही, तू परत भडकली असतीस.

इथं सगळ्या वाडीला कळलंय. डेअरीवर बायका विचारतात की स्पर्धेला चड्डी घालून खेळणार काय. सासूबाईंनी कॅन खाली ठेवून सांगितलं की व्हय, खेळणार हाय, आणि तुमच्यातल्या कुणाला येत असंल तर तुमीबी घाला. तेव्हापासून कुणी विचारत नाही. मी घालणार ट्रॅकपँटच, पण हे त्यांना कशाला सांगू?

गेल्या आठवड्यात ईश्वरीला ताप होता म्हणून चार दिवस सराव नव्हता. आता उतरलाय. त्या चार दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती तुलाच सांगते. मला ह्या खेळाची भूक लागते, ताई. धारा काढताना हात आपोआप तसा वळतो. इतकी वर्षं मी ठीक होते, खरंच ठीक होते. मग हे कुठं होतं? आणि सप्टेंबर संपल्यावर ते परत कुठं ठेवायचं?

हे जास्त झालं. रविवारी लवकर ये. झुणका करते. तुला राग येतो तसाच लोभही येऊ दे.

तुझी,
मोना

*

राधानगरी
२४ सप्टेंबर २०२५

ती. वर्षाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी डोकेदुखी थांबली का? रविवारी फायनल झाल्यावर तू बक्षीस घेऊन लगेच निघून गेलीस, जेवलीसुद्धा नाहीस. सासूबाईंनी तुझ्या वाटणीच्या पोळ्या बांधून ठेवल्या होत्या, त्या तुझ्या पप्पांनी खाल्ल्या.

आपण दुसऱ्या आलो, ताई. राज्यात दुसऱ्या. मी अजून खोटं समजतेय. शेवटचे चेंडू बाहेर गेले त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या दिवशी मीही कितीतरी घालवले होते, ते तूच ओढून काढलेस.

बाकी सगळं ठीक. भात पोटरीत आलाय, आता लोंब्या सुटतील. ईश्वरीनं पदक शाळेत नेलं. सामन्यानंतर पुण्याच्या एका संघाचे कोच माझ्याशी बोलत होते, ते तू पाहिलंस. विशेष काही नव्हतं. येता रविवार मोकळा आहे. येशील ना?

पत्र पाठव. नाहीतर नुसता ज्ञानू पाठव, तो काहीतरी सांगेल. लोभ आहे ना, एवढंच विचारते.

तुझी,
मोना

*

राधानगरी
३ ऑक्टोबर

चि. वर्षाराणीस,
अंबूबाईचा आशीर्वाद.

दसऱ्याचं सोनं घे. आमी हितनंच देतोय, तू आली न्हाईस.

सरळ लिवतोय. त्यो पुण्याचा मास्तर मोनाशी बोलला त्यात विशेष लई हुतं. त्यास्नी लीगच्या संघात जोडीनं खेळाय बाई पायजे. महिनाभर पुण्याला सरावाला ये म्हणला. हिनं उभ्याउभ्या न्हाय म्हणून सांगितलं. मी म्हटलं, का गं? तर म्हणती, घराकडं कोण बघणार. मी घराकडं बघणार, हे तिला ठावं हाय. पृथ्वीराजबी जा म्हणतोय, आणि ह्या येळंला माझ्या तोंडाकडं न बघता म्हणतोय. खरं कारण तू हायस. मास्तरनं तिला इचारलं, तुला इचारलं न्हाय. तुझ्या मांडवात मी कशी जेवू, असं तिच्या मनात हाय. तोंडानं ती बोलायची न्हाय.

तुला राग आला असंल तर तो बरुबर हाय. पंधरा वर्सं तू खेळलीस आणि निवडली हिला. मला आला असता. पर राग घरात बसून मोठा हुतोय. हितं यिऊन काय बोलायचं ते बोल. मी मदी पडणार न्हाय. पंचाचं काम सोडलं मी.

गुऱ्हाळ आठ दिसात सुरू हुतंय, मग जागा मिळायची न्हाय.

माया हाय म्हणून कडू लिवलं.

अंबूबाई

*

कसबा बावडा
५ ऑक्टोबर २०२५

चि. मोना हिस,
अनेक आशीर्वाद.

डोकं दुखत नव्हतं. तुलाही ते माहीत होतं.

कोच तुझ्याकडं चालत आले तेव्हा मी बाटली भरत होते. मला वाटलं, आधी तुझ्याशी बोलून मग माझ्याकडं येतील. मी चेहरा नीट केला, घाम पुसला. ते आले नाहीत. घरी येऊन मी दहा-बारा दिवस खोलीचं दार लावून बसले. तुझा हेवा वाटला, मोना. तुझा राग नाही आला, हेवा वाटला, आणि ज्या पोरीला मीच खोकं पाठवून बोलावलं तिचा हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाज वाटली.

पप्पा रोज दाराशी चहा ठेवून जायचे. परवा आत आले आणि विचारलं की मोना चांगली खेळली त्यात तुझं काय चोरीला गेलं? मग ते खुर्ची ओढून बसले आणि सगळी फायनल मला परत सांगितली, एकेक चेंडू. त्यांनी सगळं लक्षात ठेवलं होतं. म्हणाले की वर्षा, तू दोघींच्या जागेत पळतेस. तुला सगळं कोर्ट लागतं. मग ह्या खेळात एकेरी नाही काय?

आहे. एकेरीत पळावं लागतं, लांबून मारावं लागतं. मला जे येतं ते सगळं तिथं चालतं. जोडीनं खेळायच्या नादात मी तिकडं बघितलंच नव्हतं. कालपासून एकेरीचा सराव सुरू केलाय. समोर पप्पा असतात. लोणचं हा शब्द त्यांनी सोडलाय.

आता तुझं. मी कोचना फोन केला होता. जागा अजून आहे. तू माझ्यासाठी नाही म्हणालीस, हे मला आवडलं असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलं नाहीस. तू घरी बसलीस तर मला ते जन्मभर वागवावं लागेल, आणि माझा खांदा आधीच गेलाय. ऑगस्टात तू विचारलं होतंस की ही भूक कुठं ठेवायची. पुण्याला ने.

मी उद्या सकाळी येते. बॅग भरून ठेव. काकूंना सांग, फायनलचं आणि दसऱ्याचं राहिलेलं जेवण एकदम जेवणार आहे.

लोभ कुठं गेला नव्हता, दाराआड होता.

तुझी,
वर्षाताई

*

बेंगळुरू
१८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप अंबूकाकूंना,
वर्षाराणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मोना आत्ता फोनवर तुम्हाला सगळं सांगत असेल, रेंज असली तर. पण ती अर्धंच सांगेल, म्हणून मी लिहायला बसले.

तुमची सून बरी आहे. जेवते. इथली इडली तिला आवडली नाही, पण पाच खाते. पुण्याच्या संघातल्या पोरी तिला मोनाक्का म्हणतात. तिची नवी जोडीदार नागपूरची, एकवीस वर्षांची, सारखी ओरडणारी. मोना काही न बोलता तिला शांत करते.

माझं सांगायचं तर इथल्या स्पर्धेत एकेरीत मी उपांत्य फेरीपर्यंत गेले. तिथं हरले, पण दमून हरले, त्याचं समाधान आहे. एका बाईनं येऊन विचारलं की तुम्ही पूर्वी टेनिस खेळायचा का. पप्पा शेजारी होते. मी बोलायच्या आत तेच म्हणाले की ती पिकलबॉल खेळते, आत्ताच बघितलं नाही काय?

आता मुख्य गोष्ट. दुहेरीत मी शिवलीलाबरोबर उतरले होते, आणि तिसऱ्या फेरीत समोर मोना आली. सकाळी नाव वाचलं तेव्हा आम्ही दोघी एकाच टेबलावर चहा पीत होतो. तिनं कप खाली ठेवला. मी तिला सांगितलं की सामना मुद्दाम सोडलास तर तुझ्या सासूला कळवीन.

काकू, आम्ही शाळेपासून एकत्र खेळलो, पण नेहमी एकाच बाजूला. दुहेरीत जोडीदार शेजारी असते. तिचा खांदा दिसतो, बुटांचा आवाज ऐकू येतो, पण नजर समोर असते. मी तिला खेळताना समोरून कधी बघितलंच नव्हतं. आज पहिल्यांदा बघितलं. चेंडू येण्याआधी ती दोन्ही पाय जमिनीत रोवते, रोप लावताना उभी राहते तशी. घाई करत नाही. मी जोरात मारला, तो तिनं फळीवर नुसता झेलला आणि किचनमध्ये ठेवून दिला. मी धावत गेले. परत मारला. परत तसाच ठेवला. पहिला गेम आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात शेवटचा चेंडू जाळीवरून इतका हळू आला की मला तो येताना सगळा दिसला, त्याची भोकंसुद्धा, आणि तरी माझा हात पोचला नाही.

मी हरले आणि कोर्टाच्या मध्यावर उभी राहून हसायला लागले. शिवलीलाला वाटलं, मला काही झालं. मोना जाळीपाशी आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी तिला म्हटलं की तू इतकी चांगली खेळतेस हे मला कुणी सांगितलं का नाही. ती म्हणाली की तूच तर पत्र पाठवलं होतंस.

उद्या तिची उपांत्य फेरी आहे. मी आणि पप्पा पुढच्याच रांगेत बसणार आहोत, तिच्या समोरच्या बाजूला. आता तिथूनच बघायचं ठरवलंय.

म्हशींना तिचा निरोप सांगा. तुमची माया कागदावर लिहायची नसते, हे लक्षात आहे. माझी मात्र आज लिहावीशी वाटली.

तुमची,
वर्षाराणी